मोडलेले हाड आणि कोरा रकाना

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही श्रम संहिता देशभर लागू केल्या. सरकारने त्यांचे गोडवे गायले, कामगार संघटनांनी त्यांना विरोध केला. कामाचे तास, संपाचा हक्क, कंत्राटी पद्धत यांवर पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले. ते व्हायलाच हवे होते. परंतु या गदारोळात एका साध्या कागदाकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. तो कागद म्हणजे इस्पितळाच्या अपघात विभागात, मजूर स्ट्रेचरवर विव्हळत असताना, घाईघाईने लिहिला जाणारा केसपेपर. कायदा चांगला असो की वाईट, जखमी माणसाच्या पदरात काय पडणार हे त्या केसपेपरवरच्या चार ओळी ठरवितात. आज आम्ही त्या चार ओळींविषयी बोलणार आहोत आणि उदाहरणासाठी एकच हाड घेणार आहोत. ते म्हणजे मांडीचे हाड.

मांडीचे हाड हे माणसाच्या शरीरातले सर्वांत लांब आणि सर्वांत बळकट हाड आहे. धडधाकट तरुणाचे हे हाड पाय मुरगळून मोडत नाही. त्यासाठी उंचावरून पडावे लागते, वाहनाची धडक बसावी लागते, अंगावर जड ओझे कोसळावे लागते किंवा कोणीतरी लोखंडी गजाने जीव खाऊन मारावे लागते. म्हणजे परांचीवर कोण चढतो, विजेच्या खांबावर कोण चढतो, उसाच्या ट्रॉलीवर कोण बसतो आणि गावच्या रस्त्यात कोणाला अडवून मारले जाते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मांडीचे हाड कोणाचे मोडते हे वेगळे सांगावे लागत नाही. हाड मध्यावर मोडले तर बाहेर थेंब न दिसताही आतल्या आत लिटरभर रक्त वाहून जाऊ शकते. आतमध्ये रॉड टाकावा लागतो. पुढे कित्येक महिने कामावर जाता येत नाही. ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते, त्या घराचेच हाड मोडते असे म्हटले तरी चालेल.

आता या मोडलेल्या हाडाची नोंद कशी होते ते पाहू. जगभरातल्या रोगांना आणि जखमांना क्रमांक देण्याची एक पद्धत आहे. १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या संख्याशास्त्रज्ञांच्या सभेत फ्रान्सच्या झाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. तिच्यातूनच ही पद्धत वाढली. १९४८ पासून जागतिक आरोग्य संघटना ती सांभाळते. तिची दहावी आवृत्ती आयसीडी-१० या नावाने ओळखली जाते. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली असली तरी आपल्याकडच्या नोंदी अजून मुख्यतः दहावीच्याच भाषेत चालतात. या दहाव्या आवृत्तीत मांडीच्या हाडाच्या मोडीचा क्रमांक आहे एस ७२. त्यापुढे बिंदू देऊन हाडाचा भाग सांगायचा. खुब्याजवळची मान मोडली तर ०, मधला दांडा मोडला तर ३, गुडघ्याकडचे टोक मोडले तर ४. आणि डॉक्टरने भागच लिहिला नसेल तर ९. हा ९ म्हणजे अज्ञानाचा आकडा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून हीच पद्धत आणखी वाढवून वापरात आणली. तेथे मोडलेल्या मांडीच्या हाडाला पूर्ण सात अक्षरांचा कोड लागतो. उदाहरणार्थ, एस ७२.३५१ सी. यातले एस ७२ म्हणजे मांडीचे हाड, ३ म्हणजे मधला दांडा, ५ म्हणजे हाडाचे तुकडे-तुकडे झालेले, १ म्हणजे उजवा पाय आणि तुकडे जागेवरून सरकलेले, सी म्हणजे हाड कातडी फाडून बाहेर आलेली गंभीर उघडी जखम आणि तिच्यावर उपचार चालू आहेत. या शेवटच्या सातव्या जागेसाठी सोळा अक्षरे ठरलेली आहेत. हाड वेळेवर जुळते आहे, उशिरा जुळते आहे, जुळलेच नाही, वाकडे जुळले, किंवा वर्षांनंतर त्याचा कायमचा परिणाम उरला, या प्रत्येक अवस्थेला वेगळे अक्षर आहे.

आणि हे कोड लिहिते कोण? आमचीच मुले लिहितात! मुंबई, नवी मुंबई, पुणे येथल्या कचेऱ्यांत बसून हजारो मैल दूरच्या अमेरिकन रुग्णाचे कागद वाचायचे आणि त्याच्या हाडाला सात अक्षरे द्यायची, असे काम करणारी मराठी मुले-मुली आज वस्त्यावस्त्यांत सापडतील. विज्ञान शाखेची पदवी घेतलेली, सरकारी भरतीची वाट पाहून थकलेली, कर्ज काढून मेडिकल कोडिंगचा वर्ग केलेली ही मुले आहेत. डॉक्टरने उजवा की डावा हे लिहिले नसेल तर आपल्या मनाने काही धरायचे नाही, डॉक्टरकडे विचारणा पाठवायची, हा त्यांच्या कामाचा पहिला धडा असतो. दुसरा धडा याहून बोलका आहे. जखम उघडी की बंद हे कागदावर नसेल तर ती बंद धरायची. म्हणजे कागद गप्प राहिला तर मोठी जखमही लहान ठरते.

याच मुलांपैकी एखाद्याचा बाप त्याच शहरात परांचीवरून पडला तर त्याच्या केसपेपरवर काय लिहिले जाते? फ्रॅक्चरची खूण म्हणून दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघा, पुढे ‘फीमर’ आणि कारणाच्या जागी एकच शब्द: ‘पडला’. कोठून पडला, कोणाच्या कामावर पडला, किती उंचीवरून पडला, हे सांगणारा कोण होता, यांपैकी काहीही नाही. मुलगा परक्या देशातल्या अनोळखी माणसाच्या हाडाचा सात अक्षरी हिशेब ठेवतो आणि त्याच्या बापाच्या हाडाला धड एक वाक्यही मिळत नाही. या विसंगतीला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, अमेरिका प्रगत आहे, तिथले डॉक्टर शिस्तीचे आहेत. आम्हाला हे उत्तर मान्य नाही. अमेरिकेत सात अक्षरे लिहिली जातात ती रुग्णावरच्या मायेपोटी नव्हे. तिथे विमा कंपनी पैसे देते ते कोड पाहून. कोड चुकला की बिल अडते, बिल अडले की इस्पितळाचे नुकसान होते. म्हणून इस्पितळ कोडिंगवर खर्च करते, आणि तो खर्चही स्वस्तात व्हावा म्हणून ते काम आमच्या मुलांकडे येते. त्या पद्धतीची आरती ओवाळण्याचे काहीच कारण नाही. मात्र तिच्यातून एक नियम स्पष्ट दिसतो. ज्या शब्दावर बलवानाचा पैसा अवलंबून असतो, तो शब्द नीट लिहिला जातो. ज्या शब्दावर फक्त गरिबाचे नशीब अवलंबून असते, तो रकाना कोरा राहतो.

हा नियम आपल्याकडेही तंतोतंत लागू पडतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना घ्या. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत दुसऱ्या नावाने सुरू झालेली ही योजना २०१७ पासून महात्मा फुल्यांच्या नावाने चालते आणि २०२३ च्या शासन निर्णयाने ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी खुली करून विमासंरक्षण ५ लाख रुपयांपर्यंत नेले गेले. ही योजना गरिबाच्या उपयोगाची आहे हे आम्ही मोकळ्या मनाने म्हणतो. पण तिच्या कागदांकडे पाहा. कोणती शस्त्रक्रिया, कोणते पॅकेज, शस्त्रक्रियेआधीचा एक्सरे, नंतरचा एक्सरे, हे सारे व्यवस्थित जोडलेले असते, कारण त्यावाचून इस्पितळाला पैसे मिळत नाहीत. हाड कशाने मोडले, कोठे मोडले, कोणाच्या कामावर मोडले, यावर इस्पितळाचा एक रुपयाही अवलंबून नसतो. त्या प्रश्नांच्या उत्तरांवर फक्त रुग्णाचा पैसा अवलंबून असतो. म्हणूनच ती उत्तरे एका शब्दात उरकली जातात.

वास्तविक, आयसीडी-१० मध्ये या प्रश्नांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. जिन्यावरून पडला तर डब्ल्यू १०. परांचीवरून पडला तर डब्ल्यू १२. कसा पडला हे माहीतच नसेल तर डब्ल्यू १९. त्यापुढे जागेचा आकडा जोडता येतो. घर असेल तर ०, रस्ता असेल तर ४, कारखाना किंवा बांधकामाची जागा असेल तर ६. म्हणजे बांधकामावरच्या परांचीवरून पडलेल्या मजुराची खरी नोंद डब्ल्यू १२.६ अशी व्हायला हवी. आता नेहमीचा प्रकार पाहा. मजूर पडतो. मुकादम त्याला रिक्षात घालून इस्पितळात आणतो. मजूर वेदनेने अर्धवट शुद्धीत असतो. डॉक्टर विचारतात, काय झाले? मुकादम उत्तर देतो, घरी जिन्यावरून पडला. कागदावर तेच उतरते. १२.६ चे १०.० झाले! हाड तेच, पाय तोच, माणूस तोच. पण कामावर झालेला अपघात घरगुती अपघात झाला आणि मालक सुटला.

या दोन आकड्यांमधला फरक रुपयांत किती होतो, तेही पाहू. कामावर असताना झालेल्या इजेची भरपाई हा १९२३ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. हिशेबाची तीच पद्धत आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आणली आहे. जुन्या कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, असे कमाईशक्तीचे नुकसान छापलेले होते. मांडीचे हाड मोडून जुळले पण पाय आखूड झाला, गुडघा वाकेनासा झाला, उकिडवे बसता येईना, तर त्याचा आकडा मात्र छापलेला नव्हता. तो आकडा डॉक्टरने ठरवायचा. समजा मजुराचे वय ३० वर्षे आहे. मासिक वेतनाची २०२० मध्ये ठरविलेली १५,००० रुपयांची मर्यादा धरली, तर तिचे ६० टक्के म्हणजे ९,००० रुपये. ३० वर्षे वयाचा गुणक २०७.९८. गुणाकार येतो १८,७१,८२० रुपये. डॉक्टरने कमाईशक्तीचे नुकसान ३० टक्के लिहिले तर मजुराला मिळतील ५,६१,५४६ रुपये. १० टक्के लिहिले तर १,८७,१८२ रुपये. आणि पहिल्याच दिवशी केसपेपरवर ‘घरी जिन्यावरून’ असे लिहिले गेले असेल तर मालकाचा वकील तोच कागद पुढे करील आणि भरपाईचा दावाच मुळातून उखडला जाईल. एका शब्दाची किंमत साडेपाच लाख रुपये असू शकते, हे आपल्या किती लोकांना माहीत आहे?

रस्त्यावरच्या अपघातांत परिस्थिती थोडी बरी आहे, कारण तिथे पोलीस आणि विमा कंपनी दोघेही असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे, १ एप्रिल २०२२ पासून, चूक कोणाची हे न पाहता गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये भरपाईची तरतूद आहे. मे २०२५ पासून अपघातानंतरच्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजनाही आली. पण न्यायाधिकरणासमोर मोठ्या भरपाईचा दावा उभा राहतो तेव्हा पुन्हा कागदच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका निकालात स्पष्ट केले की, पायाचे अपंगत्व किती टक्के, संपूर्ण शरीराचे किती टक्के आणि कमाईचे नुकसान किती टक्के, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कारकुनाचा पाय आखूड झाला तर तो खुर्चीवर बसून काम करू शकतो. हमालाचा पाय तेवढाच आखूड झाला तर त्याचा धंदाच संपतो. टक्के तेच, नुकसान निराळे. पण हे न्यायालयाला कळायचे कसे? कागदावर व्यवसाय लिहिलेला असेल तर! केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असलाच तरी तिथे ‘मजूर’ या एका शब्दाच्या पुढे कोणी जात नाही. गवंडी, हमाल, सफाई कामगार, ऊसतोड कामगार, वीटभट्टी कामगार, सारे त्या एका शब्दात गाडले जातात.

यापुढचा मुद्दा आमच्या समाजाच्या जिव्हाळ्याचा आहे. मारहाणीत हाड मोडणे ही कायद्याने ‘गंभीर दुखापत’ आहे. भारतीय दंड विधानाच्या कलम ३२० मध्ये ते होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्येही आहे. साधी दुखापत असेल तर शिक्षा एक वर्षापर्यंत, गंभीर असेल तर सात वर्षांपर्यंत, आणि घातक हत्याराने गंभीर दुखापत केली असेल तर जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. ॲट्रॉसिटी कायद्यात दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यासाठी वेगळे कडक कलम आहे. ते लागू होते की नाही, हेही मूळ गुन्हा कोणता ठरतो त्यावर अवलंबून असते. म्हणजे हाड मोडले हे वेळेवर सिद्ध होणे ही खटल्याची पहिली पायरी आहे.

इथेही क्रमांक आहेत. बोथट वस्तूने केलेल्या हल्ल्याला वाय ००, हाताबुक्क्यांच्या मारहाणीला वाय ०४. पण केसपेपरवर काय लिहिले जाते? ‘पडून मार लागला’. कधी गावातल्या बड्या धेंडांच्या दबावाने, कधी सोबत आलेल्या माणसाने सांगितले म्हणून, कधी पोलिसांची झंझट नको म्हणून. मग एक्सरे उशिरा होतो, दुखापतीच्या दाखल्यावर ‘साधी’ असा शेरा पडतो आणि त्या शेऱ्यावर गुन्हा नोंदविला जातो. पुढे एक्सरेत मोड दिसली तरी कलम वाढविण्यासाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तोवर साक्षीदार फिरतात. आरोपी कोण हे डॉक्टरने ठरवावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. डॉक्टरने फक्त एवढे लिहावे: रुग्णाच्या सांगण्याप्रमाणे, अमुक वाजता, अमुक ठिकाणी, काठीने किंवा गजाने मारहाण. हे सांगणारा रुग्ण स्वतः की दुसरा कोणी, तेही लिहावे. एवढ्याने डॉक्टर कोणाची बाजू घेत नाही. न लिहिण्याने मात्र तो नकळत एक बाजू घेऊन बसतो.

म्हाताऱ्या आयाबायांचे काय? साठी उलटलेली बाई मोरीत घसरते आणि खुब्याजवळचे हाड मोडते. तिथे नुसते ‘पडली’ लिहून भागत नाही. जन्मभर ओझी वाहिलेली, अर्धपोटी राहून बाळंतपणे काढलेली ती बाई असते. हाड ठिसूळ झाले असेल आणि निरोगी हाड मोडणार नाही अशा किरकोळ पडण्याने ते मोडले असेल, तर अमेरिकेच्या नियमाप्रमाणे तिथे एस ७२ चा कोड चालत नाही. हाडांच्या ठिसूळपणाचा एम ८० हा कोड द्यावा लागतो. कारण रोग निराळा, उपचार निराळा. हाड जोडून घरी पाठविले आणि ठिसूळपणावर औषध दिले नाही तर उद्या दुसरा पाय मोडेल. कागदावर रोगाचे नावच नाही तर पुढचा डॉक्टर औषध कशाचे देणार?

आता या सर्वांची बेरीज करू. एकेका माणसाचे नुकसान तर होतेच, पण संपूर्ण समाजाचेही होते. मेलेल्यांची मोजदाद सरकार करते. रस्त्यावर जखमी झालेल्यांचीही पोलीस करतात. पण नाक्यावर उभा राहून मिळेल ते काम करणारा मजूर परांचीवरून पडून लंगडा झाला, तर तो कोणत्या तक्त्यात येतो? एका वर्षात एका जिल्ह्यात डब्ल्यू १२.६ किती, हे जर इस्पितळांनी मोजले असते, तर सुरक्षा जाळी आणि कंबरपट्टे न देणाऱ्या बिल्डरांचा प्रश्न विधानसभेत आकड्यांनिशी मांडता आला असता. आज तो मांडता येत नाही. ज्याची नोंद नाही त्याचा प्रश्न नाही आणि ज्याचा प्रश्न नाही त्याच्यासाठी तरतूद नाही, असा हा व्यवहार आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्या लिखाणातले आणि भाषणांतले आकडे आणि कोष्टके ज्याने पाहिली आहेत, त्याला नोंदीचे महत्त्व आम्ही सांगण्याची गरज नाही.

यावर डॉक्टर मंडळींचे एक उत्तर असते आणि ते खोटे नाही. अपघात विभागात रांग लागलेली असते, एक निवासी डॉक्टर छत्तीस कामे करीत असतो, त्याने आधी रक्तस्राव थांबवायचा की निबंध लिहायचा? आमचे उत्तर असे आहे की, आधी जीव वाचवावा. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे की उपचार आधी, पोलिसी सोपस्कार नंतर. पण ‘नंतर’ याचा अर्थ ‘कधीच नाही’ असा होत नाही. रात्री घाईत राहिलेली माहिती सकाळच्या राउंडला, रुग्ण शुद्धीवर असताना, भरता येते. दिवस आणि वेळ घालून लिहिलेल्या पुरवणी नोंदीला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. आणि डॉक्टरवर हे ओझे नको असेल तर त्यासाठी माणसे नेमा. अमेरिकेसाठी कोड लिहिणारी प्रशिक्षित मुले याच शहरांत आहेत. सरकारी आणि महापालिका इस्पितळांच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांना कायम पदांवर घ्या. कंत्राटी नव्हे, कायम! ज्या कामावर गरिबाचा हक्क अवलंबून आहे ते काम तात्पुरते कसे असू शकते?

आमच्या मागण्या साध्या आहेत. अपघात विभागात हाडमोडीसाठी एक छापील तक्ता असावा. उजवा की डावा, कोणता भाग, जखम उघडी की बंद, कशाने मोडले, कोठे मोडले, कामावर असताना की नाही, माहिती कोणी दिली, अशा खुणा करण्याच्या चौकटी त्यात असाव्यात. तो मराठीतही असावा आणि रुग्णाला वाचून दाखवावा. डिस्चार्ज कार्डावर जखमेच्या क्रमांकाबरोबर कारणाचाही क्रमांक असावा. फुले योजनेचे पैसे देताना एक्सरे मागता, तसा हा तक्ताही मागावा, म्हणजे इस्पितळे तो आपोआप भरू लागतील. बलवानाचा पैसा आणि गरिबाचा शब्द एकाच दोरीला बांधण्याचा हाच सोपा उपाय आहे. आणि दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याने कारणवार आकडे जाहीर करावेत.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर आपण काय करायचे? वस्तीतल्या प्रत्येक विहारात, प्रत्येक मंडळात, प्रत्येक महिला बचत गटात ही माहिती पोहोचली पाहिजे. कोणी जखमी झाले तर मुकादमाला एकट्याला सोबत पाठवू नका, घरचा किंवा वस्तीतला शिकलेला एक माणूस बरोबर जाऊ द्या. अपघात कसा झाला हे त्याने डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे आणि काय लिहिले ते नम्रपणे वाचून दाखवायला सांगावे. चुकीचे असेल तर दुरुस्तीचा लेखी अर्ज त्याच दिवशी देऊन पोच घ्यावी. एक्सरेवर नाव, तारीख आणि बाजू आहे ना ते पाहावे. डिस्चार्ज कार्ड घेताना पुढच्या तपासणीच्या तारखा लिहून घ्याव्यात आणि प्रत्येक तपासणीला हाड जुळले की नाही, पाय किती आखूड झाला, गुडघा किती वाकतो हे लिहावयास सांगावे, कारण अपंगत्वाचा दाखला पुढे त्याच नोंदींवर उभा राहतो. त्या दाखल्यावर ४० टक्के आहेत की कमी, यावर आरक्षणासारख्या सवलती अवलंबून असतात.

आणखी एक गोष्ट. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत त्याच्या नोंदी देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे, आणि भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षे सांभाळून ठेवणेही. एस ७२ हा मांडीच्या हाडाचा क्रमांक आहे आणि ७२ तास ही कागद मिळविण्याची मुदत आहे. निदान या योगायोगाने तरी हा आकडा प्रत्येकाच्या लक्षात राहावा. तीन वर्षांनंतर इस्पितळ कागद नाही म्हणाले तर दोष कोणाला देणार? म्हणून प्रत आधीच घेऊन ठेवा.

मेडिकल कोडिंगचे काम करणाऱ्या आमच्या मुलामुलींनाही आमचे एक सांगणे आहे. तुम्ही पोटासाठी परक्यांची हाडे मोजता, त्यात कमीपणा काहीच नाही. पण जी विद्या तुम्ही मिळविली ती आपल्या माणसांच्याही उपयोगी पडू द्या. महिन्यातून एक रविवार वस्तीत बसा, लोकांचे डिस्चार्ज कार्ड वाचून द्या, काय लिहिले आहे आणि काय राहिले आहे ते समजावून सांगा. दुरुस्तीचा अर्ज लिहून द्या. शेकडो वर्षे आमच्या पूर्वजांची दुःखे कोणी लिहून ठेवली नाहीत, कारण लेखणी दुसऱ्यांच्या हाती होती. आज लेखणी आणि संगणक दोन्ही आमच्या हाती आहेत. तरीही आमच्या बापाच्या मोडलेल्या हाडापुढचा रकाना कोरा राहणार असेल, तर तो भरण्याची जबाबदारी आता आमचीही आहे.